सातव्या लेण्यापर्यंतची चाळीस पावलं

इस्लापूरच्या पुढे जंगलात एका उभ्या कड्याच्या पोटात सात लेणी आहेत. एके काळी भिक्षू पावसाळ्याचे चार महिने तिथं राहत. सातव्या लेण्यात, दारावर उंच, चार ओळींचा शिलालेख होता. दगड दर पावसाळ्यात पापुद्र्यांनी गळतो, त्यात दोन ओळी गेल्या. उरलेल्या दोन ओळींचा कागदावर ठसा घ्यायचा, तोही जून लागायच्या आत, म्हणून माझी मुलगी वर्षाराणी निघाली होती. तिचा दोन वर्षांचा अभ्यास त्या दोन ओळींवर अडला होता. मी निघालो होतो गाडी चालवायला. बस्स, तेवढंच!

कारण उंचीशी माझं कधी जमलंच नाही. देवानं मला सहा फूट उंची दिली आणि वर उंचीची भीतीही दिली. उदगीरला माझं लोखंडी सामानाचं दुकान आहे. तिथं वरच्या फळीवरचा माल हवा असेल तर गिऱ्हाईकच शिडीवर चढतं. मी खाली शिडी धरतो.

सहा लेण्यांपर्यंत कातळात कोरलेल्या रुंद पायऱ्या आहेत. त्या मी नजर पायांवर ठेवून चढलो. वाट दाखवायला पायथ्याच्या वस्तीतल्या नागुबाई होत्या. वय साठीचं, उंची माझ्या कोपराएवढी, घरी देवणी बैलांची जोडी. माझ्या दुकानाची चौकशी त्यांनी पायऱ्या चढतानाच केली होती.

सहाव्या लेण्यात घात झाला. वर्षाराणीची मैत्रीण आरती हिचा पाय मुरगळला. ओला कागद दोन्ही हातांनी दारावर धरायचा तो आरतीनंच. ती उंच होती. आता उंच असा मीच उरलो.

"अप्पा, नको," वर्षाराणी म्हणाली. "आपण परत जाऊ."

तिचा चेहरा बघितला आणि मी टॉवेल खांद्यावर टाकला. "दोर बांध," म्हणालो.

पुढची वाट म्हणजे कड्याला चिकटलेली हातभर रुंदीची कपार. चाळीस पावलं. खाली दोनशे फूट काहीच नाही! वर्षाराणी सराईतपणे पलीकडे गेली, दोराचं एक टोक तिनं लेण्याच्या खांबाला बांधलं. दुसरं माझ्या कमरेला होतं.

बारा पावलं टाकली. मग नजर घसरली. एक घार माझ्या पायांच्याही खाली उडत होती! गुडघे दुमडून, डोकं खाली घालून मी कातळाला चिकटलो. "अप्पा, या ना," म्हणत वर्षाराणीनं दोर ओढला. मी आणखी चिकटलो. तिनं पुन्हा ओढला. माझा पाय चक्क मागं सरला.

"पोरी, काय करून राहिलीस?" मागून नागुबाईंचा आवाज आला. "दोर ढिला सोड. वेसण ओढली की बैल मागंच जातो. अन् तू आत जा, त्यांच्या तोंडाकडं बघत बसू नको."

वर्षाराणी आत गेली. माझ्या मागं चपला काढल्याचा आवाज झाला. थोड्या वेळानं दोन हात माझ्या मागून आले आणि त्यांनी माझाच टॉवेल माझ्या डोक्याला असा बांधला, की दरीकडचा डोळा झाकला गेला.

"आमचा धाकला बैल पुलावर चढंना, तवा त्याला असंच झापड लावलं व्हतं," त्या म्हणाल्या. पाठीवर त्यांचा तळवा टेकला. "दुकानात शिरलं की डाव्या हाताला काय हाय?"

"खिळे," मी कसाबसा म्हणालो.

"टाका पाऊल. त्याच्याम्होरं?"

"बिजागऱ्या."

"अजून एक टाका. मंग?"

कोयंडे, कड्या, खुरप्यांची पाती. तीस वर्षं ज्या मालावरची धूळ झटकली तो एकेक करत मला पुढं नेत होता. तेवढ्यात पायाखालचा दगड सुटला. खाली गेला. आवाज यायला केवढा वेळ लागला! पाठीवरचा तळवा घट्ट दाबला गेला.

"साखळ्या हायत का न्हाई दुकानात?" नागुबाईंनी विचारलं.

"हायत," मी म्हणालो आणि पाऊल टाकलं.

सातव्या लेण्यात मी अर्धा तास हात वर करून ओला कागद धरला. खांदे भरून आले. वर्षाराणी शाईची गादी हलक्या हातानं थोपटत गेली आणि काळ्या कागदावर पांढरी अक्षरं उमटत गेली. दोन्ही ओळी, शेवटच्या अक्षरापर्यंत! पोरगी रडली. मीही रडलो, त्यात लपवायचं काय?

परत येताना टॉवेल बांधला नाही. दुकान मात्र पुन्हा पहिल्या फळीपासून मोठ्यानं म्हटलं. सहाव्या लेण्यात टेकल्यावर मी नागुबाईंना विचारलं, "मावशी, तुम्ही किती वेळा गेलात हो तिकडं?"

"आजच."

मला काही कळेना.

"ल्हानपणापासून सहाव्यापातूर येते," त्या चपला घालत म्हणाल्या. "त्याच्याम्होरं माझा पाय उचलत न्हाई. लई भ्या वाटतं."

"मग आज कशा आलात?"

"तुम्ही अडकलेले दिसलात. माघारी कशी जाणार? पाठीवर हात कशाला ठेवला व्हता वाटलं तुम्हाला? तुम्हालाच धरून आले मी, तुमचं दुकान ऐकत ऐकत."

आयुष्यात कुणाचे इतके उपकार वाटले नव्हते. मी वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. उठवतील असं वाटलं होतं, पण त्या पुष्कळ वेळ माझ्या पाठीवर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. कपारीवर होता तसाच घट्ट.