रात्रीचे वजन

नागपूरच्या नियंत्रणकक्षातील पृथ्वीगोलावर एक हिरवा ठिपका मंगोलियावरून संथपणे ईशान्येस सरकत होता. ते किरणयान होते. नागपूर ते अँकरेज, नऊ हजार नऊशे किलोमीटर, तेहतीस तास. इंधन केवळ सूर्यप्रकाश. वाटेत एकच रात्र लागणार होती. ती ओलांडण्यासाठी यानाचे निम्मे वजन दिवसाचे ऊन साठवणाऱ्या ऊर्जाकोशांनी व्यापले होते, म्हणून माणूस त्यात एकच मावत असे: वैमानिक रेवती भोयर.

तेच ऊर्जाकोश आता निकामी झाले होते.

"सूर्य मावळायला तीन तास आहेत," प्रकल्पप्रमुख डॉ. लांजेवार म्हणाल्या. "इतक्या लांब पंखांना पुरेल अशी रुंद धावपट्टी वाटेत कुठेच नाही. रेवती, उजेड आहे तोवर हवाई छत्रीने उतर. यान जाऊ दे."

"सात वर्षांची मेहनत जाऊ देऊ, मॅडम?" आकाशातून आवाज आला. "आमचा उन्मेष कुठं आहे? काहून बे, गप्प काहून झाला?"

मार्गगणक उन्मेष हा तिचा धाकटा भाऊ. इतरांचे मार्ग आखण्यात त्याचे तारुण्य सरत होते. स्वतः तो कधी विमानात चढला नव्हता. तो गोलासमोर उभा राहिला. ज्या रेषेचा त्याला अभिमान होता, तीच आज बहिणीला अंधारात नेत होती.

"ताई, डावीकडे वळ. सरळ उत्तरेला."

"अरे, अंतर वाढेल!" डॉ. लांजेवार उद्गारल्या.

"तेराशे किलोमीटरनं. आपण फक्त अंतरच मोजत राहिलो, मॅडम. हा जून आहे. ध्रुवाभोवती सूर्य मावळतच नाही. शिवाय एवढ्या उंचीवरून क्षितिज खाली झुकतं, म्हणजे तो अखंड दिवस आणखी अलीकडे सुरू होतो. रात्रीआधी ताई तिथं पोचेल."

"आणि इतका तिरपा उजेड पुरेल?"

"बाजूच्या उभ्या सौरपट्ट्यांवर तो सरळ पडेल. पुरेल... जेमतेम."

"खुर्चीत बसून जेमतेम म्हणतो!" रेवती हसली. "वळले बघ."

ठिपका वळला. तास सरकत गेले, सूर्य खाली उतरत गेला. शक्तिदर्शकाचा काटा लाल रेषेला टेकला.

"अर्धा बुडाला रे," रेवती हळूच म्हणाली.

उन्मेषने डोळे मिटून घेतले.

"थांबला." मग बऱ्याच वेळाने, हसू आणि रडू एकत्र झालेल्या आवाजात, "उन्मेष, वर येतोय! आता क्षितिजावरून आडवा चाललाय, माझ्या सोबतीनं!"

ध्रुवावरून जाऊन किरणयान अँकरेजला टेकले, तेव्हा तेथे कोवळे ऊन पडले होते. नागपुरात टाळ्या थांबेनात.

"परतीसाठी नवे ऊर्जाकोश पाठवते," डॉ. लांजेवार डोळे पुसत म्हणाल्या.

"कशाला, मॅडम? हे निकामी कोशही इथंच उतरवून ठेवते. ध्रुवावरच्या वाटेत रात्रच नाही, तर तिचं वजन काहून वाहायचं?"

उन्मेष जवळजवळ ओरडलाच, "त्या वजनात अकरा माणसं बसतील!"

"मग दहाच शोध, बे. पुढच्या खेपेची एक जागा तुझी."

उन्मेषने या वेळी ना अंतर विचारले, ना तास.

"खिडकीजवळची ठेव, ताई," तो म्हणाला.