कोपऱ्यातला काळा दगड

निवृत्ती तोंडावर आलेली, आणि यशोदाबाईंनी कॉम्प्युटरवर कोर्स लावला. मग काय, शाळेतल्या माणिकराव गुरुजींना आयतंच सापडलं. "बाई, आता कलेक्टर व्हायचं हाय काय?" म्हणायचे. बाई कानाआड करायच्या आणि बाजाराच्या दिवशी जीपमध्ये कोंबून घेऊन कळमनुरीचं नेट कॅफे गाठायच्या. पुण्याच्या एका संस्थेचा तो कोर्स, लेकरांना वाचायला कसं शिकवावं याचा. शेवटची अट मात्र कडक होती. वर्गातलं प्रत्येक मूल वाचतानाचं रेकॉर्डिंग पाठवायचं, एक जरी सुटलं तरी नापास. चौथीतली पोरं अडखळताना बघण्यात बाईंची सगळी नोकरी गेली होती. आता हरायचं नाही, हे त्यांनी पक्कं केलं होतं.

वर्गात बहुतेक मेंढरंवाल्यांची लेकरं. घरचे कळप घेऊन निघाले की लेकरंही निघायची, पण जाताना आपल्या जागेवर एक दगड ठेवून जायची. तिथं दुसरं कोणी बसत नसे. परत आलेलं पोरगं आधी आपला दगड दाराबाहेर टाकायचं, मगच बसायचं. बाई नव्या होत्या तेव्हा त्यांनी केर समजून सगळे दगड बाहेर टाकले होते, तर वर्गात ही रडारड! कोपऱ्यातला काळा दगड तेवढा हलला नव्हता. मातीत अर्धा रुतलेला होता तो.

गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या मेंढरंवाल्या नामाजींना त्यांनी विचारलं, तो कोणाचा?

"आमी पयलीत व्हतो तवाबी तिथंच व्हता," नामाजी म्हणाले. "येतो म्हणून गेलंय लेकरू."

कोर्स लावला त्या पावसाळ्यात सगळे कळप गावात होते. बाईंनी कोर्समधलं एकूण एक करून पाहिलं. पोरांच्याच बोलीतल्या गोष्टी फळ्यावर लिहिल्या, मेंढरांच्या नावांवरून अक्षरं शिकवली. आणि पोरं वाचायला लागली की हो! रेकॉर्डिंगच्या दिवशी सगळ्यात शेवटी मोहिनी उठली. एरवी तोंड न उघडणारी ती पोरगी अख्खं पान न अडखळता वाचून गेली. बाईंना रडू आवरेना.

निकाल आला. बाई पहिल्या श्रेणीत पास. नेट कॅफेतल्या नरसिंगने सगळ्यांना चहा पाजला. खाली तपासणाऱ्या मॅडमचा शेरा होता, "सगळी मुलं छान वाचली. मोहिनीनंतर वाचणाऱ्या मुलाला माझी खास शाबासकी सांगा."

मोहिनीनंतर कोणी वाचलंच नव्हतं.

बाईंनी हेडफोन लावला. मोहिनीचं पान संपलं. थोडी शांतता. मग मागून, लांबून, एक बारीक आवाज तेच पान वाचू लागला. अक्षरावर बोट ठेवून वाचावं तसा, सावकाश.

तो कुठंच चुकला नाही.

अंगावर काटा आला बाईंच्या. आणि, खोटं कशाला सांगू, ऊरही भरून आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेचं कुलूप त्यांनीच काढलं. दाराबाहेर काळा दगड पडला होता. त्याची खालची बाजू अजून ओली होती.

आत कोपऱ्यात नुसता खळगा.

पोरं आली, बसली. मोहिनी न सांगता जरा सरकून बसली. बाईंनी कपाटातलं एक पुस्तक काढलं, पदरानं पुसलं आणि कोपऱ्याकडे निघाल्या.

"ऱ्हाऊ द्या, बाई," मोहिनी मान वर न करता म्हणाली. "त्याला माझ्या पुस्तकातलंच दिसून राहिलं. तुमी शिकवा."

बाईंनी खडू उचलला.