साइड दे की!

"साइड दे की रे, ठोंब्या!"

परदेशात, हॅलिफॅक्सच्या फेरीबोटीवर मराठी कुणाला कळतंय, या भरवशावर अबोली करवादली. दारात आडवा उभा असलेला पोरगा वळला, अंग चोरून म्हणाला, "दिली. ठोंब्याचं नाव जयदीप. नागपूर."

नाव अबोली, पण जिभेला हाड नाही! त्या दिवशी मात्र तीच अंग चोरून आत सटकली. त्यात कॉलेजात, टूरिझमच्या वर्गात, नेमकी ह्याच्याशीच जोडी लागली. प्रेझेंटेशनचा विषय, तुर्कस्तानचा अंताल्या प्रांत.

मग रोज खेकसणं. "आस्पेंडोसचं रोमन नाट्यगृह आहे ते, स्टेडियम काय लिहितोस? चालता हो!" तो नुसता हसायचा, तिची गार झालेली कॉफी उचलून गरम कप ठेवायचा... आणि तिला आणखीच राग यायचा. त्याचा कमी, स्वतःचा जास्त.

प्रेझेंटेशनच्या दिवशी तर कहरच! सिदे या प्राचीन शहराचं इंग्रजी स्पेलिंग ह्या शहाण्यानं सरळ 'साइड' वाचलं. वर्ग खो खो हसला.

"सिदे! सिदे म्हणजे डाळिंब!" बाहेर येताच ती कडाडली. "समुद्राकाठी अपोलोच्या देवळाचे खांब उभे आहेत तिथं! लक्ष कुठं होतं तुझं?"

"तुझ्याकडे पाहून राहिलो होतो ना..."

"चालता हो!" गाल तापले होते तिचे.

शनिवारी रूममेट साक्षीनं सहज सांगितलं, "जयदीप आज तिकडे लांब ब्रॅम्पटन शहरात चाललाय. चुलतभावानं वेअरहाउसमध्ये काम बघितलंय. कायमचा जातोय म्हणे. आत्ताच फेरीकडे निघालाय, पलीकडून विमानतळाची बस धरणार."

सगळ्यांना सांगितलं, हिला नाही! तळपायाची आग मस्तकात गेली. भुरभुरत्या पावसात ती धक्क्यावर धावली. भलीमोठी बॅग ओढत तो फेरीच्या दाराशी पोचलाच होता.

"मला का नाही सांगितलंस?"

"तूच म्हणालीस, चालता हो."

"मी रोज म्हणते! रोज गेलास का?"

भोंगा वाजला. "अबोली... साइड दे. फेरी चालली."

ती दोन्ही हात पसरून दारात उभी राहिली. राग होता की रडू, तिचं तिलाच कळेना.

"नाही देत! आवडतोस तू मला, ठोंब्या... नाही देत साइड!"

मागची रांग चुळबुळली. जयदीपनं एका हातानं बॅग ओढली, दुसऱ्या हातानं तिला धरून कडेला घेतलं, आणि मागच्या सगळ्यांना साइड दिली. फेरी दोघांना न घेताच गेली.