चौकातला दुसरा ठिपका

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. मी हे माझ्या मावसबहिणीच्या तोंडून ऐकलंय, आणि ती उगाच काही बोलणाऱ्यातली नाही.

भर दुपारची गोष्ट. प्रयोगशाळेत ती एकटीच होती.

बेशिस्त रहदारीत माणसं गाडी कशी घुसवतात, कुठे कच खातात, हे ती संगणकाला शिकवायची. न्यूरल नेटवर्क म्हणतात त्याला. धडे होते तिच्या दादाच्या गाडी चालवण्याचे. दादा ड्रायव्हर. गाडीला कॅमेरे लावून वर्षभर त्याने सगळं शहर पालथं घातलं होतं.

मग बाजाराच्या चौकात त्याची गाडी भिंतीवर आदळली. दादा गेला. शेवटच्या फेरीचं चित्रण सापडलंच नाही.

"फोनवर बोलत असणार," तिचा नवरा म्हणाला होता. तोही त्याच प्रयोगशाळेत कामाला. चौकशीत त्याने तसंच लिहून दिलं. खाली तिनेही सही केली.

त्या दुपारी पडद्यावरच्या नकाशात संगणकाने चालवलेला दादाचा ठिपका धावत होता. हुबेहूब त्याची चाल.

चौकात आला... आणि करकचून थांबला.

समोर रस्ता मोकळा.

तिने पुन्हा चालवलं. पुन्हा तेच.

तिसऱ्यांदा उलट्या बाजूने आणखी एक ठिपका आला...

तो तिने टाकलाच नव्हता.

आधी मुसंडी, मग अर्धवट ब्रेक, मग परत मुसंडी. तिने ती चाल ओळखली. अकरा वर्षं ती या चालीशेजारी बसत आली होती.

आणि नवऱ्याच्या गाडीत कॅमेरा कधीच नव्हता; ही चाल संगणकाला कुणी शिकवलीच नव्हती.

दादाचा ठिपका त्याला वाचवायला वळला... भिंतीकडे.

संध्याकाळी तिने विचारलं, "त्या दिवशी चौकात तू होतास?"

नवरा जेवता जेवता थांबला. "मी अडकलो असतो तर तो परत येणार होता का?"

"आणि माझी सही?"

"तू कुठे वाचून केलीस?"

त्याच रात्री ती वहिनीकडे राहायला गेली. वहिनी एवढंच म्हणाली, "गाडीत ते फोन बंद ठेवायचे. तेव्हाच सांगत होते मी. तू ऐकलं नाहीस."

ती चौकशीवाल्यांकडे गेली. ते म्हणाले, ठिपके म्हणजे पुरावा नव्हे.

दुसरा ठिपका पुन्हा दिसला नाही. दादाचा मात्र आता चौकात थांबत नाही... बाजार ओलांडून पुढे जातो. रोज थोडा पुढे.

परवा तो तिच्या जुन्या घराच्या वळणावर उभा होता. बरोबर दीड वाजता... नवरा जेवायला येतो तेव्हा.

तिने त्याला अजून सांगितलेलं नाही.