न धुतलेले सदरे

टेबलावर नऊ सदरे होते. सगळे करड्या सुती कापडाचे, सगळ्यांच्या खिशावर निळी लाट भरलेली. आठांच्या काखेत आणि पाठीवर मिठाचे पांढरे पट्टे होते. या आठांपैकी तीन सदऱ्यांवर रक्ताचे डाग होते, एकाची कॉलर फाटली होती, एकाची दोन बटणे तुटली होती. नवव्या सदऱ्याला इस्त्रीची घडी होती.

वस्त्रपरीक्षा प्रयोगशाळेच्या डॉ. शबनम मुकादम यांनी ही नोंद केली आणि समोर बसलेल्या वैजयंती तांडेलकडे पाहिले. आरोपीच्या एका नातेवाइकाला परीक्षा पाहण्याचा हक्क नव्या कायद्याने दिला होता. वैजयंती वेळशी बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात सुपरवायझर होती. फाटक्या कॉलरचा सदरा तिच्या धाकट्या भावाचा, हेमंतचा होता.

वेळशीला समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प होता. त्यातून परत सोडलेल्या खारट पाण्याने खाडी मरणार, असे खाडीसेना नावाची संघटना सांगत असे. एका पहाटे संघटनेच्या नऊ जणांनी प्रकल्पावर हल्ला केला. पहारेकरी दत्ताराम सुर्वे त्यात मारले गेले. नऊही जण जागेवरच पकडले गेले आणि आता प्रत्येक जण म्हणत होता की आपल्याला धमकावून नेले होते.

असे म्हणण्याला कारण होते. श्रद्धेपोटी हिंसा करणाऱ्याला नवा कायदा जन्मठेप देत असे, कारण तो सुटला तर पुन्हा तेच करील. भीतीपोटी सामील झालेल्याला दोन वर्षे सुधारगृह. हेमंत बावीस वर्षांचा होता.

"पण मनातलं कापडाला कसं कळणार, मॅडम?" वैजयंतीने विचारले.

डॉ. मुकादम यांनी तिला भिंगाखाली सुताचा एक तंतू दाखवला. कापसाचा तंतू आतून पोकळ असतो. घामाने तो फुगतो, वाळताना आक्रसतो आणि घामातली द्रव्ये आतच अडकून राहतात. पुढच्या घामाचा थर त्यावर बसतो. झाडाच्या बुंध्यात जशी वर्षावर्षाची वलये असतात, तशी न धुतलेल्या कापडात घामाघामाची वलये तयार होतात. त्यांना घर्मवलये म्हणत. भीतीचा घाम आणि उत्साहाचा घाम एकसारखे नसतात. माणूस मनापासून पटलेली गोष्ट बोलतो किंवा करतो तेव्हा एक द्रव्य वाढते, घाबरून करतो तेव्हा दुसरे. दोहोंच्या प्रमाणावरून जो आकडा निघतो तो श्रद्धांक. शून्याजवळ म्हणजे भीती, एकाजवळ म्हणजे श्रद्धा.

"एका धुण्यात सगळं जातं," डॉ. मुकादम म्हणाल्या. "म्हणून आजवर ही पद्धत खऱ्या खटल्यात कधी वापरता आली नव्हती. पण यांची शपथच अशी होती, की प्रकल्प बंद पडेपर्यंत सदरा धुवायचा नाही. पुरावा त्यांनीच सांभाळून ठेवलाय."

वैजयंतीचा चेहरा उतरला. तिने सांगितले, की हेमंतचा सदरा तिने धुतला होता. हल्ल्याच्या आठवडाभर आधी तो आंघोळीला गेला असताना तिने वास सहन न होऊन सदरा बादलीत घातला. त्याला कळले तेव्हा तो भांडेल असे तिला वाटले होते.

"काय म्हणाला?"

"काहीच नाही. म्हणाला, ताई, वाळायला आत घाल, बाहेर नको. कुणी बघेल." तिने पदराने डोळे पुसले. "मीच त्याचं वाटोळं केलं ना?"

डॉ. मुकादम यांनी खोटा धीर दिला नाही. जुनी वलये गेली होती. त्यांत काय होते ते आता कुणालाच कळणार नव्हते. पण धुण्यानंतरची वलये शाबूत होती आणि हल्ल्याचे वलय सर्वांत वरचे होते. कायद्याला तेवढेच हवे होते.

यंत्राने संध्याकाळपर्यंत आठ सदऱ्यांचे आकडे दिले; इस्त्रीच्या सदऱ्याचा आकडा निघालाच नाही. कोणता नमुना कुणाचा हे यंत्र चालवणाऱ्याला ठाऊक नव्हते. सहा जणांच्या हल्ल्याच्या वलयाचा श्रद्धांक ०.७०च्या वर होता. सातव्याचा ०.२२. हेमंतचा ०.०८.

त्या आकड्यामुळे पोलिसांनी एक जुनी ध्वनिफीत पुन्हा ऐकली. हल्ला चालू असताना फाटकावरच्या फोनवरून कुणीतरी रुग्णवाहिका बोलावली होती आणि नाव न सांगता फोन ठेवला होता. तो आवाज आजवर कुणी आरोपींच्या आवाजाशी ताडून पाहिला नव्हता. तो हेमंतचा निघाला.

इस्त्रीच्या सदऱ्याचे वाचन न्यायालयात झाले. तो गुरुनाथ पावसकरांचा, म्हणजे संघटनेच्या तात्यांचा होता. शपथ त्यांनीच लिहिली होती. पोरांनी आपल्याला ओढत नेले, असा त्यांचा बचाव होता. डॉ. मुकादम यांनी सांगितले की या सदऱ्यात एकच वलय आहे, हल्ल्याचे. त्यात भीतीचेही द्रव्य नाही आणि श्रद्धेचेही नाही, त्यामुळे अंक काढता आला नाही. त्याआधी हा सदरा वरचेवर साबणाने धुतला जात होता.

आरोपींच्या बाकावरून एक धिप्पाड पोरगा उठला. पोलिसाने त्याचा खांदा दाबला, तरी तो उभाच राहिला.

"तात्या," तो म्हणाला, "तुम्ही सदरा धुवायचात?"

त्याच दुपारी सहाजणांनी आपले जबाब बदलले. आदेश कुणी दिला, कुठे दिला, लोखंडी पहारी कुणी आणून दिल्या, सगळे बाहेर आले. सुर्व्यांची बायको मागच्या रांगेत बसून शेवटपर्यंत ऐकत होती.

सरकारी वकील इनामदार अजून एका गोष्टीवर अडून बसले होते. हेमंत हातात पहार घेऊन आत गेला होता, ते त्यांना विसरता येत नव्हते. त्यांनी डॉ. मुकादम यांना विचारले, "तुमचा स्वतःचा या पद्धतीवर विश्वास आहे?"

"पूर्ण."

"मग तेच कापडाला विचारू. तुमची हरकत?"

न्यायालयात हशा पिकला. डॉ. मुकादमही हसल्या आणि म्हणाल्या की हरकत कसली, मलाही उत्सुकता आहे. न्यायाधीशांनी स्पष्ट केले की पद्धतीची शहानिशा आधीच झाली आहे आणि निकाल या चाचणीवर अवलंबून राहणार नाही. चाचणीचा अहवाल फक्त कागदपत्रांना जोडला जाईल. दुसऱ्या दिवशी डॉ. मुकादम कोरा सुती कोट घालून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या, शपथेवर तेच उत्तर पूर्ण वाक्यात दिले आणि कोट उतरवून सीलबंद करायला दिला. तपासणी दुसऱ्या राज्यातल्या प्रयोगशाळेकडे सोपवली गेली.

निकाल लागला. हल्ल्याचा आदेश दिल्याबद्दल पावसकरांना आणि श्रद्धांकावरून सहाजणांना जन्मठेप, हेमंतला आणि आणखी एकाला सुधारगृह. वैजयंतीने न्यायालयाच्या पायऱ्यांवर डॉ. मुकादम यांचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. बर्फाच्या कारखान्यातल्या बायका टेम्पोतून आल्या होत्या. त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला पेढे वाटले, इनामदारांनाही. त्यांनी ते घेतलेही. त्या वर्षात आणखी अकरा जिल्ह्यांनी ही परीक्षा स्वीकारली आणि डॉ. मुकादम यांना शिकवायला माणसे पुरेनात.

कोटाचा अहवाल पुढच्या महिन्यात आला. तो एका पानाचा होता.

नमुना: पांढरा सुती कोट, नवा. वलये: एक. नोंदवलेले वाक्य: 'या पद्धतीवर माझा पूर्ण विश्वास आहे.' श्रद्धांक: ०.९३. तुलनेसाठी, खाडीसेनेच्या नऊ सदऱ्यांतील सर्वाधिक श्रद्धांक: ०.९१.