गाता येता कामा नये

त्यांची जोडी लागली ती उशिरा आल्यामुळे. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमधून बरे झालेल्यांचा व्यायामवर्ग इस्पितळाच्या तळमजल्यावर भरायचा. त्या मंगळवारी सगळ्यांत शेवटी दोघं धापा टाकत पोचली — दुकानांच्या पाट्या रंगवणारी ती, आणि टपाल वाटणारा तो.

"उशीर करणारे दोघं एकत्र," वर्ग घेणाऱ्या बाई म्हणाल्या. त्यांचा नियम साधा होता. चालताना जोडीदाराशी बोलायचं. बोलता आलं तर वेग बरोबर. बोलता येईना, तर जास्त. आणि गाणं म्हणता येत असेल, तर नुसता वेळ घालवताय.

तिला या वर्गाचाही रागच होता. हल्ली तिला सगळ्याचाच राग यायचा. ऑपरेशन झालं, केमो संपली, रिपोर्ट चांगला आला, तरी आई हातातली बादली काढून घ्यायची, आणि दादाने तर तिची शिडीच लपवली होती. तळहातावरच्या फोडासारखं जपत होते. शिडीशिवाय पाट्या रंगवायच्या कशा, हे कुणी विचारत नव्हतं.

"बोला काहीतरी," व्हरांड्यातल्या पहिल्याच फेरीला तो म्हणाला. "नियम आहे."

"मला बोलायला आवडत नाही."

"मग भांडा. तेही चालेल."

ती हसली नाही... पण पुढच्या मंगळवारी वेळेआधी आली. काचांवर पाऊस वाजत असायचा आणि त्यांचं बोलणं चालू असायचं — पुसट पत्त्यांबद्दल, वाकड्या अक्षरांबद्दल, केमोनंतर गार पाण्यात हात घातला की बोटांना येणाऱ्या मुंग्यांबद्दल. त्या मुंग्या इतरांना समजावून सांगाव्या लागायच्या. त्याला नाही. वळणावर तो हळूच सरकून खिडकीकडची बाजू तिला द्यायचा.

मग एका फेरीला ती दम खायला गप्प झाली, आणि तिला ऐकू आलं. तो गुणगुणत होता. अख्खं कडवं, कुठेही न अडखळता.

ती जागच्या जागी थांबली. "गाताय तुम्ही."

"सहज..."

"सहज? माझ्यासाठी हळू चालताय ना? कीव करणारे घरी आहेत तेवढे पुरेत मला."

"कीव नाही हो." त्याचे कान लाल झाले. "भराभर चाललो तर बाई वरच्या गटात टाकतील. तो गट गुरुवारी असतो... आणि तुम्ही मंगळवारी."

दुसरी कुणी विरघळली असती. हिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अरे, ते दुखणं परत येण्याची भीती कमी व्हावी म्हणून चालतोय ना आपण? आणि तू गप्पांसाठी अंगचोरी करतोस? तुझं काही बरंवाईट झालं तर... मी भांडू कुणाशी?"

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते तिला कळलं. त्यालाही कळलं. तरी तिने तडक जाऊन बाईंना सांगितलं, आणि तो गुरुवारच्या गटात गेला.

पुढचे मंगळवार संपता संपेनात. एका निवृत्त मास्तरांची गुडघेदुखी ऐकत ती चालत राहिली. घरी दादाला म्हणाली, "शिडी काढ, नाहीतर नवी आणून तुझ्याच दारात लावते." दादाने मुकाट्याने काढली. ती चढली, उतरली, दम घेतला, पुन्हा चढली. शेवटी बाईच म्हणाल्या, "आता गुरुवारी येत जा."

गुरुवारी तो दाराशी एकटाच उभा होता.

"तुझा जोडीदार?" तिने विचारलं.

"बाईंना म्हटलं, माझी जोडी लागलेली आहे. येईल ती."

"मग इतके दिवस बोललास कुणाशी?"

"भिंतीशी. तीही सुरुवातीला बोलत नव्हती."

दोघं निघाली. या वेगात त्याच्या तोंडून गाणं फुटणं शक्यच नव्हतं. तिसऱ्या वळणावर त्याने कसंबसं विचारलं, "अजून... रागावलीयेस?"

"हो."

"किती दिवस... रागावणार आहेस?"

तिने एक श्वास घेतला. मग आणखी एक.

"जन्म... भर."

त्याचं पाऊल चुकलं. मागून बाई ओरडल्या, "बोलता येतंय ना दोघांना?"

त्याला येत नव्हतं. तिनेच दोघांच्या वतीने सांगितलं, "येतंय."