जळकोटची जांभळी साडी

जुने कपडे ऑनलाइन विकणं म्हणजे घरबसल्या कमाई, असं सांगणारा माणूस दीपमालाला एकदा भेटायला हवा होता. तिनं त्याला नळदुर्गच्या आपल्या पुढच्या खोलीत बसवून गिऱ्हाइकांना उत्तरं द्यायला लावली असती. "ताई, रंग फोटोतलाच आहे ना?" "ताई, फायनल किती?" "ताई, काठ जवळून दाखवा." आणि सगळं झाल्यावर, "विचारून सांगते." कुणाला विचारून, ते काही कळत नसे.

माल मात्र चांगला मिळे. हरणाबाई बोहारीण अणदूर, जळकोट पालथं घालून भांड्यांवर जुन्या साड्या घ्यायची आणि त्यातल्या धड साड्या दीपमालाला आणून द्यायची. त्या धुवायच्या, इस्त्री करायच्या, खिडकीपाशी फोटो काढायचे आणि पार्सलं बांधायची. तिच्या नवऱ्याचा, युवराजचा, हायवेवर ढाबा होता. "दुकान न्हाय चाललं तर भाकऱ्या थापायला माणूस लागतंयच," असं तो हसत म्हणे, आणि ते हसणं तिला झोंबे. लग्नानंतरची कैक वर्षं तिनं त्याच चुलीपाशी काढली होती. पुन्हा तिथं जायचं नाही, एवढं तिचं पक्कं होतं.

जांभळी साडी ऐन उन्हाळ्यात आली. मोतिया काठ, भरलेला पदर आणि घडीवर पडलेली पिवळट रेघ. साडी कुणी कधी उलगडलीच नव्हती.

"घडी मोडल्याली न्हाय बगा ताई," हरणाबाई म्हणाली. "जळकोटातल्या एका बाईनं मैतरणीसाठी ठिवली हुती. आदी मैतरणीनं नेसायची, मंग हिनं. ती मैतरीण आलीच न्हाय."

"मग?"

"मंग वाट बगून बगून ही वारली. सुनंनं दिली मला. तुमी आदी जवळच्या कुनाला तरी नेसाया द्या, मंग इका."

नवी साडी आधी आवडत्या बाईला नेसवून घडी मोडून घ्यायची, ही रीत दीपमालाला काय ठाऊक नव्हती? तिच्या लग्नातल्या साड्यांच्या घड्या जावांनीच मोडल्या होत्या. पण विकायच्या मालाला कसली आलीय रीत! 'एकदाही न नेसलेली' असं लिहिलं की गिऱ्हाईक धावत येतं. तिनं साडी तशीच फोटोला मांडली, आणि गिऱ्हाईक खरंच धावत आलं.

साडीही तशीच धावत परत आली. 'आखूड आहे. पदर उरत नाही.'

दीपमालानं टेप लावून मोजली. सहावार, अगदी पुरी. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणत तिनं ती पुन्हा विकली. सोलापूरच्या बाईनं परत पाठवली: 'निऱ्या नीट होतात, पण पदर खांद्यापर्यंतच येतो. फसवणूक आहे.' पुन्हा टेप, पुन्हा पुरी. चडफडत तिनं इस्त्री फिरवली. घडीवरची पिवळट रेघ काही जाईना.

तिसरं गिऱ्हाईक लातूरची एक शिक्षिका. तिनं भांडण केलं नाही. फक्त लिहिलं, 'साडी सुंदर आहे, पण एकीलाच पुरते. परत करते आहे. राग नसावा.'

"मग किती जणींनी नेसायची होती ही?" दीपमाला मोबाइलवरच ओरडली. स्वयंपाकघरातून सासूबाई, कमलबाई, डोकावून गेल्या.

दुसऱ्या दिवशी ॲपवाल्यांचा निरोप आला. खोटी मापं देता अशा तक्रारी आहेत, साडी पूर्ण लांबीची असल्याचा पुरावा पाठवा, नाहीतर दुकान बंद. भाकऱ्यांचा तो धूर दीपमालाला बसल्या जागी आठवला.

तिनं ठरवलं, स्वतःच नेसायची, आणि त्याचा व्हिडिओ करून तोंडावर मारायचा. बोलायला जागाच नको.

दुपारी ऊन अंगणात तापलं होतं. कमलबाई ओट्यावर ज्वारी पाखडत बसल्या होत्या. दीपमालानं मोबाइल कपाटावर टेकवला, स्वतः पडद्यात नीट दिसते का पाहिलं आणि हाक मारली, "आत्या, निऱ्या धरायला या की जरा."

"आले गं."

साडी उलगडताना वाळक्या लिंबाच्या पाल्याचा वास आला. कापड उन्हात ठेवल्यासारखं कोमट होतं. पहिला वेढा बसला, निऱ्या झाल्या. तिची नजर पडद्यावर होती, कारण पदर दिसला नाही तर सगळं मुसळ केरात.

खालून निऱ्या धरल्या गेल्या. छान, एकसारख्या, सरळ.

"डावीकडची वढा थोडी," ती म्हणाली.

डावीकडची निरी ओढली गेली.

तिनं निऱ्या खोचल्या आणि पदर खांद्यावर टाकला. तो पाठीवरून घसरत पार गुडघ्याखाली गेला. आखूड म्हणे! दीपमालाला इतक्या दिवसांचं उट्टं निघाल्यासारखं वाटलं. पदर पसरून तिनं मोबाइलला मोठ्यानं सांगितलं, "बघा. पुरी सहावार. आता बोला." दुकान वाचलं होतं. ढाबा गेला खड्ड्यात.

"झालं आत्या. सोडा आता."

निऱ्या सुटल्या नाहीत.

दारात सावली पडली. कमलबाई उंबऱ्यावर उभ्या होत्या, हातात सूप, पदराला ज्वारीचा कोंडा.

"पाखडण सांडंल म्हनून बसले जरा," त्या म्हणाल्या. "नेसलीस बी? मग मला कशाला हाक मारलीस?"

दीपमालानं पडद्याकडे पाहिलं. पडद्यात ती कमरेपर्यंतच दिसत होती.

"आत्या," तिनं विचारलं, "तुम्ही आत आलाच न्हाय?"

कमलबाई सुनेच्या पायांकडे बघत होत्या. सूप हळूहळू तिरकं झालं आणि ज्वारी उंबऱ्यावर सांडू लागली.

दीपमालानं खाली बघायच्या आधीच, शेवटची निरी कुणीतरी हलक्या हातानं सारखी केली.